तीन चमचे पाण्याची साक्ष

दारव्ह्याच्या बाजारपेठेतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे दुकान, मागे राहता वाडा. आजोबांच्या काळातील कापूस-सरकीचा व्यवहार मागे पडून नातवाने कापडाचे दुकान थाटलेले. या घरातील सत्तावीस वर्षांच्या सुनेला एके सकाळी उजव्या डोळ्याने अंधूक दिसू लागते. डोळा फिरवला की आत दुखते, लाल साडी विटकरी भासते. यवतमाळचे नेत्रतज्ज्ञ तपासून सांगतात की डोळा बाहेरून निरोगी आहे, दोष त्यामागील मज्जातंतूत असावा. विचारता विचारता आणखी एक गोष्ट निघते. दीड वर्षापूर्वी तिचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाले होते. तीन आठवड्यांत ते आपोआप सुधारले; घरच्यांनी अशक्तपणा म्हणून सोडून दिले. कोणाला दाखवले नाही, कागद नाही, नोंद नाही.

पुढे एमआरआय होते. मेंदूच्या चित्रात काही पांढरे ठिपके दिसतात. नागपूरचे मेंदूविकारतज्ज्ञ चित्र पाहून म्हणतात, ‘मणक्यातले पाणी तपासावे लागेल.’ आणि घर हादरते. सासूबाईंनी कोठेतरी ऐकलेले असते की पाठीत सुई घातली की माणूस कायमचा अधू होतो. माहेरची मंडळी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे म्हणतात. थोरले काका एवढेच विचारतात, ‘हे टाळता येणार नाही का?’

हे घर कल्पनेतले आहे; घटनांचा हा क्रम मात्र मेंदूविकारतज्ज्ञांच्या ओळखीचा आहे. काकांचा प्रश्नही रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे पाणी म्हणजे काय आणि ते नेमके कशाची साक्ष देते, हे पाहावे लागते.

शंका ज्या आजाराची आहे त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एमएस. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची मज्जा यांतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे ते काम करते. या आजारात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्या वेष्टनावर उलटते. जेथे वेष्टन झिजते तेथील संदेश मंदावतात किंवा थांबतात. म्हणून कधी दृष्टी जाते, कधी पाय लटपटतात, कधी लघवीवरचा ताबा सुटतो, आणि पुष्कळदा काही आठवड्यांत सारे बऱ्यापैकी पूर्ववत होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील ज्याँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे स्पष्ट वर्णन केले. तो प्रामुख्याने वीस ते चाळीस या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो. शिक्षण, विवाह, पहिले मूल, नवे दुकान, अशा उभारीच्या वर्षांतच तो दार ठोठावतो.

निदानाची अडचण अशी की एमएसचे एकच एक खात्रीचे चिन्ह नाही. डॉक्टरांना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी इजा झाली आहे, ही पहिली. ती एकाहून अधिक वेळी झाली आहे, ही दुसरी. एमआरआय पहिल्या गोष्टीची साक्ष उत्तम देते. दुसऱ्या गोष्टीसाठी पूर्वी दुसरा झटका येण्याची वाट पाहावी लागे. वाट पाहायची म्हणजे दुसऱ्या इजेची वाट पाहायची. आपल्या कल्पनेतील सुनेच्या पायांचे बधिरपण हा पहिला झटका असूही शकेल. पण ज्या व्यवहाराची कोठेच नोंद नाही तो हिशेबात धरायचा कसा? २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘मॅकडोनाल्ड निकषां’नी येथे मार्ग काढला. एमआरआयने अनेक ठिकाणची इजा दाखवली असेल, लक्षणे या आजाराला साजेशी असतील आणि इतर कारणे वगळली गेली असतील, तर मणक्यातील पाण्यात सापडणारे विशिष्ट पट्टे ‘वेगवेगळ्या वेळी’ या अटीच्या जागी धरता येतात. दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता निदान होते आणि उपचार सुरू करता येतात. ही तपासणी मागण्यामागे हे कारण असते.

ज्याला आपण ‘पाणी’ म्हणतो तो मेरुद्रव. मेंदू आणि मज्जारज्जू या नितळ द्रवात तरंगत असतात. प्रौढ माणसात तो कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजे चोवीस तासांत तो तीनदा बदलला जातो. तपासणीसाठी घेतात ते दहा-पंधरा मिलिलिटर, दोन-तीन चमचे. काही तासांत शरीर ते भरून काढते. ‘पाणी संपेल’ ही भीती निराधार आहे.

दुसरी भीती अधू होण्याची. प्रौढांचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई घालतात ती त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. तेथे मज्जारज्जू नसतो, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या सुट्या मज्जातंतूंचा झुबका द्रवात तरंगत असतो आणि सुईच्या टोकाने तो बहुधा बाजूला सरकतो. एखाद्या वेळी पायात क्षणभर चमक येते, ती याच तंतूंना झालेल्या स्पर्शाची. रुग्णाला कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजवतात किंवा पुढे वाकवून बसवतात, जागा बधिर करतात आणि थेंब थेंब द्रव नळ्यांत धरतात. सिझेरियनच्या वेळी कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी जे इंजेक्शन देतात त्यातही सुई याच प्रकारे याच भागात जाते. ज्या घरात एखाद्या सुनेचे किंवा मुलीचे सिझेरियन झाले आहे त्या घराने हा अनुभव एकदा घेतलेलाच असतो. फक्त त्या वेळी तिकडे कोणाचे लक्ष नसते.

खरा उपद्रव डोकेदुखीचा. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपत राहिला तर उठून बसताच डोके ठणकते आणि आडवे होताच थांबते. जर्मन वैद्यकतज्ज्ञ हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये मणक्यातून द्रव काढण्याची रीत रूढ केली. त्यानंतर सात वर्षांनी ऑगस्ट बिअर यांनी पाठीत औषध टोचून बधिरता आणण्याचा प्रयोग स्वतःवरच करवून घेतला. पिचकारी सुईला नीट बसेना, बराच द्रव वाहून गेला, आणि पुढे कित्येक दिवस बिअर यांना आडवे पडून राहावे लागले. या डोकेदुखीचे पहिले बारकाईचे वर्णन स्वतः त्यांचेच आहे. आज यावर उपाय आहे. धारदार टोकाच्या सुईऐवजी पेन्सिलीसारख्या निमुळत्या टोकाची सुई तंतू कापत नाही, बाजूला सारते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष आले. त्यांत जुन्या सुईने डोकेदुखीचे प्रमाण ११ टक्के होते, नव्या प्रकारच्या सुईने ४.२ टक्के. कोणती सुई वापरणार, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. तपासणीनंतर दिवसभर सक्तीने निजवून ठेवल्याने डोकेदुखी टळते, असे मात्र दिसून आलेले नाही. जास्त पाणी पाजल्यानेही ती टळते असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने त्यापायी नियम मोडावा लागेल म्हणून घाबरू नये. फक्त तपासणी सकाळची ठेवावी आणि उपवासाचा दिवस टाळावा. डोकेदुखी हटली नाही तर रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागी टोचून छिद्र बुजवण्याची सोय असते.

काही प्रसंगी मात्र ही तपासणी पुढे ढकलावी किंवा टाळावी लागते. मेंदूत गाठ असून दाब वाढलेला असेल, रक्तातील प्लेटलेट फार कमी असतील, टोचण्याच्या जागी त्वचेला संसर्ग असेल, तर सुई घालत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगितले पाहिजे.

आता प्रयोगशाळेत काय पाहतात ते. सर्वसाधारण लोकांची समजूत अशी की पाण्यात रोगाचे जंतू सापडतात किंवा सापडत नाहीत, तसे एमएसही सापडेल किंवा सापडणार नाही. तसे नाही. पहिल्या नळ्यांची तपासणी बहुतांशी इतर आजार दूर सारण्यासाठीच असते. एमएसमध्ये पेशी सामान्य किंवा किंचित वाढलेल्या असतात. घन मिलिमीटरमागे पन्नासाच्या पुढे त्या क्वचितच जातात. प्रथिनेही थोडीच वाढतात, साखर सामान्य राहते. पेशी शेकड्यांत असतील, प्रथिने फार चढली असतील, साखर उतरली असेल, तर डॉक्टरांची नजर दुसरीकडे वळते. आपल्याकडे सर्वप्रथम क्षयाकडे, कारण मेंदूच्या आवरणाचा व मणक्याचा क्षय हा भारतात आजही नेहमीचा शत्रू आहे.

खरी साक्ष शेवटच्या नळीत असते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीराने एक आडभिंत घातलेली आहे. रक्तातील प्रथिने तिच्यातून फारच थोडी पलीकडे जातात. एमएसमध्ये काही पांढऱ्या पेशी भिंतीपलीकडे जाऊन तेथेच मुक्काम करतात आणि तेथेच प्रतिपिंडे तयार करू लागतात. एका पेशीच्या वंशातून निघालेली प्रतिपिंडे एकाच साच्याची असतात. द्रवाचा थेंब एका पातळ जेलवर ठेवून विद्युतप्रवाह सोडला की प्रत्येक साच्याची प्रतिपिंडे आपापल्या जागी जाऊन थांबतात आणि रंग दिल्यावर बारीक रेघा उमटतात. यांनाच ऑलिगोक्लोनल बँड म्हणतात. ‘ऑलिगो’ म्हणजे थोडके. या शोधाची सुरुवात एल्विन कॅबट यांनी १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केली. एमएसच्या रुग्णांच्या मेरुद्रवात प्रतिपिंडांचा अंश वाढलेला असतो, हे त्यांनी विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने दाखवले. १९६० च्या सुमारास बेल्जियममधील संशोधकांना जेलवर सुट्या रेघा दिसल्या. आज वापरतात ती ‘आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग’ ही पद्धत त्याहून कितीतरी सूक्ष्म आहे.

पण केवळ पाण्यात रेघा दिसल्या म्हणून काहीच ठरत नाही, आणि नेमकी येथेच चूक होते. एखाद्या संसर्गामुळे रक्तातच अशी प्रतिपिंडे भरमसाट झाली असतील तर ती झिरपून पाण्यातही दिसतील. म्हणून पाणी काढण्याच्या वेळीच दंडातून रक्तही घ्यावे लागते, आणि दोन्ही नमुने एकाच जेलवर शेजारी शेजारी धावावे लागतात. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन पेढ्यांच्या वह्या ताडून पाहताना दोहोंत सारखी असलेली नोंद सोडून देतात. एकीतच सापडते तिच्यावर बोट ठेवतात. रक्तात नाहीत आणि पाण्यात आहेत अशा किमान दोन रेघा दिसल्या, किंवा दोहोंकडच्या समान रेघांखेरीज पाण्यात जादा रेघा असल्या, तरच अहवाल ‘पॉझिटिव्ह’ धरतात. दोन्हीकडे हुबेहूब सारख्या रेघा असतील तर तो धरत नाहीत. अहवालात रक्ताचा उल्लेखच नसेल तर तो अपुरा आहे, असे समजून डॉक्टरांना तसे विचारावे.

पाश्चात्त्य देशांत एमएसच्या दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांच्या मेरुद्रवात हे पट्टे सापडतात. भारतातील जुन्या अभ्यासांत प्रमाण बरेच कमी आढळे. जुन्या पद्धती हे त्याचे एक कारण. दुसरे कारण समजण्यासाठी मुंबईच्या इतिहासात डोकवावे लागते.

मुंबईत डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. भीमसेन सिंघल यांनी १९७५ मध्ये मुंबई परिसरातील एमएस रुग्णांचा काटेकोर अभ्यास प्रसिद्ध केला. एमआरआय हाताशी नसलेला तो काळ; लक्षणांची बारीक छाननी हेच साधन. ‘हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतो’ हा समज त्यातून ढासळू लागला. पुढे मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी झाली, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. पारशी समाजात लाखामागे वीसहून अधिक रुग्ण निघाले. इतर भारतीयांविषयीचा त्या वेळचा अंदाज लाखामागे जेमतेम एक-दोनांचा होता. एका लहान समाजाने स्वतःला मोजू दिले, आजार लपवला नाही, म्हणून ही माहिती जगाला मिळाली. लग्नाच्या वाटाघाटींत आजाराचा शब्दही उच्चारू नये अशी रीत असलेल्या घरांनी याची दखल घ्यायला हवी. १९८५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियानेही रुग्णांना उघडपणे एकत्र येण्याची जागा दिली.

त्या जुन्या रुग्णांत डोळा आणि मज्जारज्जू यांवरच घाव पडलेल्यांची संख्या भारतात लक्षणीय होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील व्हँडा लेनन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात एक वेगळेच प्रतिपिंड शोधले आणि ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ (एनएमओ) हा निराळा आजार म्हणून ओळखता येऊ लागला. पूर्वी एमएस म्हणून मोजलेले काही रुग्ण वस्तुतः या आजाराचे होते. त्यांच्या पाण्यात पट्टे बहुधा नसतात. हा भेद केवळ नावाचा नाही. एमएसवरची इंटरफेरॉन, फिंगोलिमोड यांसारखी काही औषधे एनएमओचा आजार उलट बळावू शकतात. म्हणून घाईने दिलेले नाव घातक ठरते. विशेष म्हणजे एनएमओचे प्रतिपिंड शोधण्यासाठी पाण्यापेक्षा रक्तच अधिक भरवशाचे.

रक्ताच्याच एका साध्या तपासणीचा उल्लेख या मासिकाच्या वाचकांसाठी अधिक विस्ताराने करायला हवा. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर मज्जारज्जूचे आवरण झिजते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, अंधारात पाय कोठे पडतो ते न कळणे, क्वचित दृष्टी मंदावणे ही लक्षणे एमएसशी सहज गल्लत करणारी. शाकाहारात ब-१२ चा आधार जवळजवळ केवळ दूध, दही, ताक, पनीर यांचाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले. नऊ दिवसांच्या आयंबिल ओळीने हे घडत नाही. यकृतातील साठा पुष्कळ काळ पुरतो. वर्षानुवर्षे दूध-दही नावापुरते, त्यात मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या, असे जुळले की साठा आटतो. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जेची हानी मात्र आत चालू राहते. पाठीत सुई घालण्यापूर्वी ब-१२ पाहिले आहे ना, हा प्रश्न प्रत्येक जैन कुटुंबाने विचारावा असा आहे. येथे वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनी माणूस बरा होऊ शकतो.

पट्टे सापडले तरी ते एमएसचेच असे नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. मेंदूचा उपदंश, गोवरानंतर कित्येक वर्षांनी मुलांना ग्रासणारा मेंदूदाह, ल्युपससारखे विकार यांतही ते दिसतात. उलट, पट्टे नसले म्हणून एमएस नाहीच असेही नव्हे. पाणी निकाल देत नाही, साक्ष देते. निकाल रुग्णाची हकिकत, तपासणी आणि एमआरआय यांसह सारे पुरावे समोर ठेवून मेंदूविकारतज्ज्ञ देतात. अलीकडे या साक्षीला एक सोपा पर्यायही आला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या निकषांनी ‘कप्पा फ्री लाइट चेन’ या प्रतिपिंडांच्या सुट्या घटकाचे मोजमाप पट्ट्यांच्या बरोबरीचे मानले. रेघा डोळ्यांनी वाचाव्या लागतात, तेथे तज्ज्ञाचा अनुभव लागतो. हे मोजमाप यंत्र आकड्यात देते.

दारव्ह्यासारख्या गावाच्या दृष्टीने यात एक व्यावहारिक भाग आहे. यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटरवर, नागपूर त्याच्याही कितीतरी पुढे. एके काळी शकुंतला गाडीने कापूस मूर्तिजापूरला जाई, तसा रक्ताचा नमुना आज कुरिअरने शहरात जातो. तेव्हा पाणी जवळपास काढून बाटली पाठवली तर चालणार नाही का, असे घरच्यांना वाटते. पट्ट्यांसाठी लागणारी प्रतिपिंडे टिकाऊ असतात. थंड ठेवलेली नळी दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचली तरी बिघडत नाही. पेशी मात्र नळीत पडल्यापासूनच नष्ट होऊ लागतात आणि त्यांची मोजणी तासाभरात व्हावी लागते. नळी प्रवासात राहिली की वाढलेल्या पेशीही सामान्य दिसतात आणि क्षयासारखा आजार नजरेतून निसटतो. म्हणून सुई तेथेच घालावी जेथे सूक्ष्मदर्शकावर बसणारा माणूस त्याच इमारतीत आहे. जाण्यापूर्वी दूरध्वनीवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पेशींची मोजणी तेथेच लगेच होते का, पट्ट्यांसाठी रक्त व पाणी दोन्ही एकत्र पाठवतात का, आणि अहवाल किती दिवसांत येतो.

निदान एमएसचेच ठरले तर पुढची वाट लांब असते. पण आज झटके कमी करणारी अनेक औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केल्यास लाभ अधिक होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. अपंगत्व ठरावीक प्रमाणाच्या वर गेले तर प्रमाणपत्र मिळू शकते.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे. एमआरआय आणि हकिकत यांवरूनच निदान पक्के होत असेल तर ही तपासणी टाळता येते, आणि डॉक्टर अनेकदा टाळतातही. जेथे पहिल्या झटक्याची नोंद नाही, चित्र संदिग्ध आहे किंवा दुसऱ्या आजाराची शंका आहे, तेथे टाळणे महाग पडते. शिवाय ती सहसा एकदाच करावी लागते. एमएसमधील हे पट्टे एकदा उमटले की बहुधा जन्मभर राहतात. आजार शांत असो वा जागा, रेघा तशाच. त्यामुळे दहा वर्षांनी डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी तोच अहवाल पुन्हा कामी येतो. रक्त आणि पाणी दोन्हींचा उल्लेख असलेली त्याची मूळ प्रत, एमआरआयची सीडी आणि पहिल्या झटक्याची तारीख लिहिलेला एक कागद घराच्या खरेदीखताशेजारी कपाटात ठेवावा.